कार्बोरेटरचं जेट आणि सायलेन्सर: क्लासिक ३५०, जुनी बुलेट आणि आरएक्स १०० वाल्यांचे नेहमीचे प्रश्न

ही माहिती कार्बोरेटरच्या (बोलीत ‘कार्ब’, इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) गाड्यांपुरती आहे. डोळ्यांसमोर मुख्यतः तीन गाड्या आहेत: २००९ साली आलेली आणि बीएस ६ (धुराचे कडक नियम) येईपर्यंत कार्बवर बनलेली रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, तिच्या आधीची कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट ३५०, आणि १९८५ ते १९९६ या काळातली यामाहा आरएक्स १००. पल्सर, युनिकॉर्न, स्प्लेंडरलाही तत्त्व हेच लागू पडतं, आकडे बदलतात.

माझी गाडी २०२१ ची आहे. जेट बदलून पिकअप वाढेल का?

तुमच्या गाडीत जेट नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झालं आणि एखाददुसरा अपवाद सोडला तर सगळ्या गाड्या इंजेक्टरवर गेल्या. तिथे पेट्रोल किती सोडायचं हे ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, ठरवतो. अशा गाडीचं ‘जेट मोठं करून देतो’ म्हणणारा मिस्त्री भेटला तर चहा पिऊन निघून यावं.

नुसता सायलेन्सर बदलला आणि कार्बला हातच लावला नाही, तर चालेल?

गाडी चालेल. कशी चालेल ते सायलेन्सरवर आणि तुमच्या नशिबावर.

उत्सर्जनाचे नियम पाळायचे म्हणून कंपनी गाडी आधीच काटकसरीने लावून देते. हवेच्या मानाने पेट्रोल जेमतेम असतं, विशेषतः आयडलला (मूठ न पिळता इंजिन नुसतं चालू असताना) आणि कमी थ्रॉटलला, म्हणजे मूठ थोडीच पिळलेली असताना. याला गाडी ‘लीन’ असणं म्हणतात. मोकळा सायलेन्सर लावला की सिलिंडरमधला जळका धूर जास्त चांगला बाहेर पडतो, त्याच्या जागी हवा जास्त येते आणि आधीच जेमतेम असलेलं मिश्रण आणखी पातळ होतं. मग गाडी गरम होते, थ्रॉटल सोडला की फटाके फुटतात, सकाळी चोक जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो आणि ओव्हरटेकला मुठ पिळली की क्षणभर दम खाते.

कंपनीच्या अ‍ॅक्सेसरीतला मवाळ सायलेन्सर असेल तर बहुतेक वेळा कार्बवरचा मिक्स्चर स्क्रू (आयडलचं मिश्रण लावणारा) थोडा फिरवून काम भागतं. आतून आरपार दिसणारी ‘शॉर्ट बॉटल’ किंवा ‘इंदौरी’ लावली असेल तर कार्ब उघडावाच लागेल.

जेट म्हणजे नक्की काय? त्यावरचा नंबर काय सांगतो?

पितळेचा छोटा स्क्रू, त्याला मधोमध अचूक मापाचं भोक. शेतात ठिबकच्या नळीवर ड्रिपर असतो तसंच: दाब तोच असला तरी पाणी किती येणार हे भोक ठरवतं.

नंबराच्या बाबतीत एक गोची आहे. केहिनच्या जेटचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटचा नंबर मात्र त्यातून किती पेट्रोल वाहतं यावर आहे. म्हणून ‘मित्राच्या गाडीत ११० आहे, मलाही ११० दे’ हे कार्बची कंपनी एकच असेल तरच ठीक. दुसरी गंमत अशी की व्यास ५ टक्के वाढला की भोकाचं क्षेत्रफळ १० टक्क्यांच्या आसपास वाढतं. व्यासाच्या नंबरात छोटी दिसणारी उडी पेट्रोलच्या हिशेबात दुप्पट पडते.

कार्बमध्ये एवढे भाग आहेत. कोणता भाग कधी काम करतो?

बाकी काही वाचायचा कंटाळा आला तरी हे वाचा. निम्मे लोक पायलटचा आजार मेन जेटवर काढतात, आणि मग कार्बलाच नावं ठेवतात.

मूठ किती पिळली आहे यावर भाग ठरतो, वेगावर किंवा आरपीएमवर नाही. बंद मुठीपासून साधारण एक अष्टमांशापर्यंत राज्य पायलट जेटचं (काही जण स्लो जेट म्हणतात) आणि त्याच्या स्क्रूचं. एक अष्टमांश ते एक चतुर्थांश या टप्प्यात स्लाइडच्या (हवेची वाट उघडणारा, वर-खाली होणारा दट्ट्या) तळाचा तिरका काप, म्हणजे कटअवे, बोलतो. पाव ते पाऊण मुठीपर्यंत स्लाइडला लटकलेली सुई: तिची जाडी, तिचा उतार आणि क्लिप कोणत्या खाचेत आहे ते. पाऊण ते पूर्ण मुठीला मेन जेट. या सीमा काटेकोर नाहीत, शेजारचे भाग एकमेकांत मिसळतात.

गाडी नेमकी कुठे त्रास देते ते शोधायला मुठीच्या कडेवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा, त्यावर पेनाने पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा आणि स्विचच्या डबीवर एक उभी रेघ मारा. मग गाडी चालवताना ‘साठला दम खाते’ याऐवजी ‘एक तृतीयांश मुठीवर दम खाते’ असं सांगता येतं. हे वाक्य ऐकलं की चांगला मिस्त्री थेट सुईकडे हात घालतो.

रोजच्या शहरी चालवण्यात मूठ क्वचितच अर्ध्याच्या पुढे जाते. म्हणजे पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ‘पिकअप नाही’ असं वाटतं तेव्हा दोषी बहुधा पायलट किंवा सुई असते. मेन जेट तिथे कामावरही आलेलं नसतं.

जुन्या बुलेटचा कार्ब आणि क्लासिकचा कार्ब, दोन्हीची पद्धत एकच का?

नाही, आणि इथे स्क्रू उलटा फिरवणारे पुष्कळ भेटतात.

कास्ट आयर्न बुलेट ३५० वर मिककार्बचा व्हीएम जातीचा स्लाइड कार्ब असतो. मिककार्ब म्हणजे चेन्नईच्या यूकॅलने मिकुनीच्या तंत्रावर बनवलेला. त्यात मुठीची केबल थेट स्लाइडला जोडलेली असते. क्लासिक ३५० वर २९ मिलिमीटरचा व्हॅक्यूम कार्ब आहे. त्यात केबल फक्त बटरफ्लाय (हवेच्या वाटेतली फिरणारी गोल झडप) उघडते, स्लाइड वर जाते ती रबरी डायफ्रामवरच्या व्हॅक्यूममुळे. त्या डायफ्रामला केसाएवढी चीर गेली तरी स्लाइड पूर्ण उचलत नाही आणि गाडी ठरावीक वेगावर अडकते. जेट बदलण्याआधी डायफ्राम उजेडात धरून बघा.

आता स्क्रू. व्हीएम कार्बमध्ये तो एअर फिल्टरच्या बाजूला असतो आणि हवा सोडतो: बाहेर काढला की मिश्रण पातळ, आत घेतला की जाड (पेट्रोल जास्त). व्हॅक्यूम कार्बमध्ये तो इंजिनाच्या बाजूला असतो आणि मिश्रण सोडतो: बाहेर काढला की जाड, आत घेतला की पातळ. स्क्रू इंजिनाकडे की फिल्टरकडे, एवढं पाहून दिशा ठरवायची.

पायलट जेटचा आकार बरोबर आहे का हेही हाच स्क्रू सांगतो. गाडी पूर्ण गरम करा, स्क्रू हलकेच तळापर्यंत बसवा, दोन फेरे बाहेर काढा आणि जिथे आयडल सगळ्यात उंच आणि स्थिर लागतं ती जागा शोधा. व्हॅक्यूम कार्बमध्ये ती जागा तीन फेऱ्यांच्याही पुढे सापडली तर पायलट लहान पडतंय. व्हीएममध्ये उलट: एक फेरा होण्याआधीच, जवळजवळ बंद स्क्रूवर गाडी खूश असेल तर पायलट एक नंबर मोठं घ्या. तळाला बसवताना जोर लावू नका. स्क्रूचं टोक रुतलं की कार्बच्या बॉडीचं भोक कायमचं बिघडतं.

क्लासिकसारख्या गाड्यांत हा स्क्रू टोपणाखाली झाकलेला असू शकतो आणि सुईला पाच खाचांऐवजी एकच जागा असू शकते. तिथे सुई उचलायला तिच्या डोक्याखाली पातळ वॉशर घालतात. अर्ध्या मिलिमीटरचा वॉशरही मधल्या थ्रॉटलला लगेच जाणवतो.

मग क्लासिक ३५० ला सायलेन्सर बदलल्यावर मेन जेट कितीचं टाकू? सरळ नंबर सांगा.

सरळ नंबर सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तोच सायलेन्सर, तोच कार्ब, पण एक गाडी रत्नागिरीत समुद्रसपाटीला आणि दुसरी महाबळेश्वरला असेल तर उत्तर बदलतं. रीत सांगतो.

आधी कार्ब उघडून आतल्या जेटवरचा नंबर वाचून लिहून ठेवा. जुन्या गाडीत कोणीतरी आधीच उद्योग केलेला असतो. मग कार्ब नीट साफ करा, व्हॉल्व्हचं टायमिंग आणि टॅपेट बघा, नवा प्लग लावा, एअर फिल्टर बदला, कार्ब आणि इंजिनामधल्या रबरी बूटला भेगा नाहीत याची खात्री करा. भेग असेल तर तिथून फुकटची हवा आत जाते आणि तुम्ही आठवडाभर जेटं बदलत बसता. माझ्या अनुभवात ‘जेटिंग’ म्हणून आलेल्या गाड्यांपैकी पुष्कळ इथेच बऱ्या होतात.

त्यानंतर फक्त सायलेन्सर बदलला असेल तर एक पायरी, फार तर दोन पायऱ्या मोठं मेन जेट आणून ठेवा. फिल्टरचा डबाही मोकळा केला असेल तर तीन-चार पायऱ्या लागू शकतात. एक पायरी म्हणजे २.५ किंवा ५. चालू नंबरच्या वरची सलग तीन-चार जेटं एकदम घ्या. पितळेचे तुकडेच आहेत, पेट्रोल वाया घालवण्यापेक्षा स्वस्त पडतात.

चाचणीला मोकळा, ओळखीचा, थोडा चढाचा रस्ता निवडा. इंजिन गरम, तिसरा गिअर, पूर्ण मूठ. गाडी जोर धरते तेव्हा मूठ किंचित, अगदी एक अष्टमांश मागे घ्या. मूठ मागे घेतल्यावर गाडी उलट थोडी पुढे सरकली तर मेन जेट लहान आहे. जड आवाज काढत गुरगुरत असेल, चार-चार ठोके खाल्ल्यासारखी चालत असेल तर मोठं आहे. लहान जेटाकडून मोठ्याकडे जाण्यापेक्षा मोठ्याकडून लहानाकडे उतरत आलेलं इंजिनाला सोसतं, कारण जाड मिश्रण फक्त पेट्रोल जाळतं, पातळ मिश्रण पिस्टन जाळतं.

मेन झालं की सुई, सुईनंतर पायलट, शेवटी पुन्हा आयडल. एका वेळी एकच भाग बदला. दोन भाग एकदम बदलले की कोणामुळे काय झालं हे कळायची सोय राहत नाही.

प्लग बघून कळतं म्हणतात. कसं?

कळतं, पण घरापर्यंत आयडलवर आलेला प्लग बघून नाही. मेन जेट तपासायचं तर पूर्ण मुठीवर काही सेकंद धावून, क्लच दाबून त्याच क्षणी किल स्विच मारायचा, गाडी बाजूला घ्यायची आणि प्लग काढायचा. मागून गाडी येत नाही हे आधी बघा. पोर्सेलिनच्या नाकाचा रंग फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढराशुभ्र, त्यावर बारीक चमकणारे ठिपके असतील तर थांबा, गाडी पातळ आहे आणि पिस्टन तापतोय. काळी, हाताला लागणारी मऊ काजळी म्हणजे जाड. काळं पण ओलं आणि तेलकट असेल तर तो कार्बचा विषय नसून रिंगचा किंवा व्हॉल्व्ह सीलचा आहे (टू-स्ट्रोकमध्ये थोडं तेल दिसणारच).

शिसं नसलेल्या पेट्रोलवर जुन्या पुस्तकातला बदामी रंग पूर्वीसारखा ठळक उमटत नाही. रंगावर शंभर टक्के भिस्त ठेवू नका, गाडीचं वागणं आणि प्लग दोन्ही जुळवा.

थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके फुटतात. भारी वाटतं, पण नुकसान आहे का?

मूठ बंद, इंजिन ब्रेकिंग चालू, पायलटमधून येणारं मिश्रण इतकं पातळ की काही ठोके पेटतच नाहीत. ते न जळलेलं मिश्रण तापलेल्या सायलेन्सरमध्ये जातं. तिथे बाहेरची हवा मिळाली की पेटतं. ही हवा येते बेंड पाईपच्या (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतची वाकडी नळी) हेडकडच्या गॅस्केटमधून किंवा बेंड आणि सायलेन्सरच्या जोडातून. म्हणून आधी दोन्ही जोड आवळा, हेडचं गॅस्केट नवं टाका. सायलेन्सर बदलताना जुनं चपटं झालेलं गॅस्केटच परत लावतात, तिथेच घात होतो. काही गाड्यांत धूर कमी करण्यासाठी एक्झॉस्टमध्ये मुद्दाम हवा सोडणारी छोटी नळी असते, तीही फटाक्यांना हातभार लावते. हे सगळं ठीक असेल तर पायलटचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने जाड करा.

क्वचित एखादा फटाका गंभीर नाही. सतत फुटत असतील तर सायलेन्सरमधलं ग्लासवूल आणि जाळी लवकर जाते.

बॅकप्रेशर नसेल तर गाडीची ताकद जाते, हे खरं का?

ताकद जाते हे खरं, कारण चुकीचं. इंजिनाला मागून दाब नको असतो. त्याला हवी असते वेळेवर येणारी लहर.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लहर पाईपमधून सुटते. पाईप जिथे रुंदावतो किंवा संपतो तिथून तिची उलटी, म्हणजे कमी दाबाची लहर परत फिरते. ती बरोबर त्या क्षणी आली जेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात, तर जळका धूर ओढून काढते आणि ताजं मिश्रण आत खेचते. पाईपची लांबी आणि जाडी यावर ही वेळ ठरते. जाड, आखूड पाईपमध्ये धुराचा वेग कमी पडतो आणि लहर खालच्या आरपीएमला चुकीच्या वेळी येते. क्लासिक ३५० आपला सगळा जोर, २८ न्यूटन मीटर, ४००० आरपीएमच्या आसपास देते. आपण तिला चालवतोही तिथेच. तिला रेसच्या गाडीसारखा आखूड मेगाफोन लावला की गाडी खालून कमकुवत होते, आणि वर ज्या आरपीएमला तो पाईप काम करेल तिथे हे इंजिन जातच नाही.

म्हणून बेंड पाईप कंपनीचाच ठेवा, बदलायचा तर मागचा भाग बदला.

आरएक्स १०० ला चेंबर लावायचा आहे. जेट किती वाढवू?

टू-स्ट्रोकचं गणित वेगळं. फोर-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर मदतनीस असतो, टू-स्ट्रोकमध्ये तो जवळजवळ इंजिनाचा भागच असतो.

आरएक्समध्ये एक्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरमधून धूर बाहेर जायची वाट) उघडा असतानाच ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये येतं आणि त्यातलं काही सरळ बाहेर निसटतं. चेंबर, म्हणजे एक्सपान्शन चेंबर हा मधोमध फुगीर सायलेन्सर, ते परत ढकलतो. आधी रुंदावत जाणारा शंकू कमी दाबाची लहर पाठवून सिलिंडर रिकामा करतो, मग पोट, मग निमुळता होणारा शंकू, ज्याच्यावर आदळून जास्त दाबाची लहर परत येते आणि पोर्ट बंद व्हायच्या आत निसटलेलं मिश्रण पुन्हा आत कोंबते. ७५०० आरपीएमला क्रँकचा एक फेरा ८ मिलिसेकंदांत होतो. त्या फेऱ्याच्या एका तुकड्यात हे सगळं घडायचं असतं. म्हणून चेंबर ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच जीव ओततो, त्याखाली गाडी मरगळते.

हे शास्त्र बसवलं पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यातल्या वॉल्टर काडेन यांनी, १९५० च्या दशकात. १९६१ मध्ये त्यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळाला आणि सुझुकीला जाऊन मिळाला. पुढच्याच वर्षी सुझुकीने त्याच्यासोबत ५० सीसीचं जगज्जेतेपद घेतलं. आपल्या गल्लीत फिरणाऱ्या जपानी टू-स्ट्रोकांच्या वंशावळीत ती पळापळ आहे.

आता जेट. चेंबर खरोखर आरएक्ससाठी मोजून बनवलेला असेल तर मेन जेट नक्की मोठं लागेल, आणि इथे पातळ चालवून बघतो म्हणण्याची मुभा नाही. फोर-स्ट्रोक पातळ झाली तर कुरकुरते, टू-स्ट्रोक पातळ झाली तर पूर्ण मुठीवर पिस्टन जाम होतो आणि मागचं चाक लॉक होतं. तीन-चार पायऱ्या मोठ्या जेटवर सुरुवात करा, गाडी गुरगुरेल, मग एकेक पायरी खाली या. शेवटच्या चांगल्या जेटापेक्षा एक पायरी वरच थांबा.

ऑइल पंप काढून टाकून टाकीत तेल मिसळणाऱ्यांसाठी: ‘सेफ्टीसाठी’ तेल जास्त घातलं की त्याच जेटातून पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिश्रण पातळ होतं. तेलाचं प्रमाण बदललं की जेटिंगही बदलतं. आणि असं मिसळलेलं असेल तर घाट उतरताना मूठ पूर्ण बंद ठेवून जास्त वेळ गिअरवर गाडी सोडू नका. मूठ बंद म्हणजे तेलही बंद. माझा सल्ला विचाराल तर यामाहाचा ऑटोल्यूब पंप काढूच नका.

मूळ सायलेन्सरची मागची पुंगळी काढून गाडी पळते असा समज आहे. आवाज वाढतो. पळण्याचा भाग बहुतांशी कानाचा.

एअर फिल्टरचा डबा काढून कोन फिल्टर लावू का?

रोजच्या गाडीला नको. डब्यातून हवा ओढताना कार्बच्या तोंडाशी दाब थोडा कमी होतो, फ्लोटच्या भांड्यात (कार्बमधला पेट्रोलचा छोटा साठा) मात्र बाहेरच्या हवेचा दाब असतो. हा फरक पेट्रोल वर चढवायला मदत करतो. डबा काढला की ती मदत गेली, म्हणून कोन फिल्टर लावल्यावर गाडी सगळ्याच टप्प्यांत पातळ होते आणि जेटिंग सायलेन्सरपेक्षा कितीतरी जास्त बिघडतं. शिवाय पावसाळ्यात ताम्हिणीत उघडा फिल्टर पाणी पितो. डबा तसाच ठेवून आत चांगल्या प्रतीचा फिल्टर, एवढं पुरे.

पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे काही फरक पडतो का?

पडतो. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या ई२० ला साधारण १३.५. कार्बला हे समजत नाही, तो जेटाप्रमाणे पूर्वीइतकंच सोडतो. परिणामी शुद्ध पेट्रोलवर बरोबर लावलेली गाडी ई२० वर सात-आठ टक्के पातळ चालते. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असेल तर तो जुळवून घेतो, १९९० च्या आरएक्सला ते जमत नाही. सायलेन्सर मूळचाच असूनही हल्ली जुनी बुलेट थंडीत नखरे करत असेल तर पायलट किंवा सुई अर्धी-एक पायरी जाड करून बघा.

इथेनॉल पाणी शोषतं आणि जुन्या रबराला फुगवतं. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून फ्लोटचं भांडं रिकामं करा. फ्लोटच्या सुईचं रबरी टोक, ओ-रिंग आणि पेट्रोलची नळी बदलायला फार पैसे लागत नाहीत.

घाटात किंवा लडाखला जाताना जेट बदलावं लागतं का?

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढलात तर समुद्रसपाटीजवळून सुमारे १३५० मीटरवर जाता. हवा १२ टक्क्यांच्या आसपास विरळ होते, मिश्रण सहा-सात टक्के जाड होतं. नीट लावलेल्या गाडीला हे चालतं. थोडी सुस्त वाटेल, परत उतरल्यावर ठीक. एवढ्यासाठी जेट बदलू नका.

लेह साधारण ३५०० मीटरवर आहे. तिथे मिश्रण २० टक्क्यांच्या आसपास जाड होतं आणि खिंडीत आणखी. सोबत दोन-तीन पायऱ्या लहान मेन जेट आणि नीट बसणारा स्क्रूड्रायव्हर न्या. सुईची क्लिप एक खाच वर सरकवली (म्हणजे सुई खाली आली) तरी बराच आराम पडतो. विरळ हवेने जी ताकद गेली ती मात्र जेट बदलून परत येत नाही. आणि परत उतरताना मूळ जेट लावायला विसरलात तर मनालीच्या खाली गाडी पातळ चालेल. ते धोक्याचं आहे.

या सगळ्याने ताकद किती वाढते? अ‍ॅव्हरेज किती पडेल?

क्लासिक ३५० ची कंपनीने सांगितलेली ताकद १९.८ बीएचपी, गाडीचं वजन १९० किलोच्या आसपास. सायलेन्सर आणि जेटिंग नीट जमलं तर एखादा हॉर्सपॉवर मिळेल, त्याहून जास्त सांगणारा सायलेन्सर विकतोय. जाणवतं ते वेगळंच: मूठ पिळल्यावर लगेच उत्तर, इंजिन थोडं थंड, ट्रॅफिकमध्ये बंद पडणं कमी. माझ्या मते एवढ्यासाठी जेटिंग करणं पटतं, सायलेन्सर बदलणं क्वचितच. नुसत्या मूळ सायलेन्सरवर पायलट आणि सुई नीट लावून घेतली तरी यातलं बरंचसं मिळतं.

अ‍ॅव्हरेज थोडं घटेल. खूपच घटलं तर जेट मोठं झालंय किंवा फ्लोटची पातळी चुकली आहे.

जेटाचं भोक तारेने किंवा ड्रिलने मोठं केलं तर?

नको. ड्रिलने भोक गोल राहत नाही, आत खरवडलेल्या रेषा पडतात आणि नंबर निरर्थक होतो. साफ करायलाही तार घालू नका, कार्ब क्लीनर आणि हवा पुरते. पुण्याच्या नाना पेठेत जेट घेताना खरं की डुप्लिकेट हे छापावरून आणि भोकाच्या कडेवरून बघा: अक्षरं पुसट आणि कडा फाटल्यासारखी असेल तर परत द्या. जेट काढताना खाचेत पूर्ण बसणारा रुंद स्क्रूड्रायव्हर वापरा, पितळ मऊ असतं.

पोलीस पकडतात का? कायदा काय म्हणतो?

पकडतात. पुणे, नागपूर अशा शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडलेले तुम्ही बातम्यांत पाहिले असतील. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ नोंदीत फरक पडेल असा बदल करायला मनाई करतं. कलम १८२ अ (४) नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराचे निकष मोडले तर कलम १९० (२) आहे: पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने अपात्र.

आवाजाची मर्यादा गाडी बनतानाच ठरलेली असते: ८० ते १७५ सीसीला ७७ डेसिबल, त्यावरच्या गाड्यांना ८०. डीबी किलर (आवाज दाबणारा आतला भाग) काढलेला सायलेन्सर यात बसत नाही. रात्री अकराला शेजारच्या घरात तान्हं बाळ झोपलेलं असतं, त्याला आपल्या फ्लायव्हीलच्या ठोक्याचं कौतुक नसतं. मी स्वतः आरपार सायलेन्सर लावून देत नाही.

जेट मोठं केल्यावर पीयूसी निघेल का?

पीयूसी आयडलला मोजतात, तिथे मेन जेटाचा संबंध नाही, पायलटचा आहे. २००० नंतरच्या बीएस ६ पूर्वीच्या फोर-स्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४५०० पीपीएम ही मर्यादा आहे. पायलट बेताचं असेल तर गाडी यात बसते. मात्र बाजारातल्या सायलेन्सरमध्ये सहसा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो, म्हणून नव्या काळातल्या गाडीचा धूर त्याने वाढणार हे धरून चाला. पीयूसी निघाली म्हणजे सायलेन्सर कायदेशीर झाला असंही नाही.

काढलेला मूळ सायलेन्सर आणि जेटं भंगारात देऊ का?

अजिबात नको. जेटं नंबर लिहून छोट्या डबीत ठेवा, सायलेन्सर आतून वाळवून, तोंडं बंद करून, बाहेरून तेलाचा हात फिरवून कोरड्या जागी ठेवा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना आरटीओत गाडी दाखवावी लागते. आज रस्त्यावर असलेली प्रत्येक आरएक्स १०० आणि कास्ट आयर्न बुलेट त्या रांगेत आहे. तपासणीला मूळ सायलेन्सर लागतो, आणि आरएक्सचा न गंजलेला मूळ सायलेन्सर आता शोधूनही सापडत नाही. विकताना गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं.